पिशवीसाठी झाड

"अहो आठल्ये, पडाल खुर्चीवरून! काय हवंय तुम्हाला त्या झाडावर?"

विजापूरच्या लॉजचं आवार. बस नुकती लागली होती, माणसं आपापल्या बॅगा ओळखून ओढत होती, आणि आमच्या टूरमधले सगळ्यात शांत गृहस्थ लोखंडी खुर्चीवर चढून कडुनिंबाच्या फांदीला एक कापडी पिशवी बांधत होते.

"काही नाही ताई. पिशवी टांगतोय."

"खोलीत खुंट्या आहेत की."

"ही खोलीत नेत नाहीत."

मग मी पिशवीकडे नीट पाहिलं. आत तांब्याचा आकार, वर करकचून बांधलेलं तोंड. मी सांगलीकडची, अशा पिशव्या लहानपणापासून पाहिलेल्या. अस्थी घरात आणत नाहीत. नदीवर नेईपर्यंत बाहेर झाडाला टांगून ठेवतात. एखादी रात्र, फार तर दोन-तीन. म्हणून मी जरा चिडूनच विचारलं, "कोण गेलं? आणि असं असताना टूरला कशाला आलात?"

"मुलगा," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली."

खाली उतरले, खुर्चीवर आपली पावलं उमटली होती ती रुमालानं पुसली आणि खुर्ची होती तिथं नेऊन ठेवली.

इतकी वर्षं यात्रा कंपनी चालवल्यावर माणसं ओळखायला मला बसचा पहिला टप्पा पुरायचा. खिडकी मागणारे, खिडकी मिळाल्यावर ऊन लागतं म्हणणारे, दुसऱ्याच्या ताटात किती लाडू पडले ते पाहणारे, प्रत्येक देवळात 'आमच्या गावचं याहून मोठं' म्हणणारे. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकलं की माझी टूर सुखाची व्हायची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे आठल्ये आणि त्यांची बायको सुमतीबाई यांना मी मिरज सोडायच्या आत 'बिनत्रासाची' म्हणून टाकून मोकळी झाले होते. दिवसभर ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मला वाटलं, पाण्याचा तांब्या असेल. काही लोकांना बाहेरचं पाणी चालत नाही.

"शैलेश म्हैसूरला इंजिनिअरिंगला होता," आठल्ये सांगू लागले. "मोटरसायकलवर होता, ट्रकनं उडवलं. दर रविवारी श्रीरंगपट्टणच्या संगमावर जाऊन बसायचा म्हणे. पत्रात लिहायचा, आई, तुला एकदा इथं आणणार आहे. म्हणून ही अडून बसली. कृष्णेत नको, तिथंच सोडायचं. दोनदा गेलो आम्ही. पाण्यापर्यंत गेलो आणि तशीच घेऊन परत आली. या वेळी म्हणालीय, सोडते."

"मग?"

"म्हणून टूर. आमचे आम्ही गेलो की तिला परत फिरायला मोकळीक असते. टूरची बस कुणासाठी थांबत नाही."

"माझी थांबेल," मी म्हटलं. "पाहिजे तेवढी थांबेल."

वर व्हरांड्यात कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल काढण्यात फारच वेळ घालवत होतं. घैसासकाकू. त्यांचा रकाना सांगायलाच नको.

*

सकाळी गोल घुमट. आठल्ये खालीच बसमध्ये थांबले. पिशवी एकटी कशी ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. सुमतीबाई मात्र अरुंद जिन्याच्या दगडी पायऱ्या चढून, दम खात खात, वरच्या सज्जात आल्या. तिथं नेहमीचा गोंधळ चाललेला. जो तो आपलं नाव ओरडतोय, टाळ्या वाजवतोय, घुमट ते पुन्हा पुन्हा परत करतोय. आमच्यातले बँकेतले एक साहेब, ज्यांचा आवाज दोन दिवसांत कुणी ऐकला नव्हता, ते कोंबड्यासारखे आरवले आणि लहान मुलासारखे हसले.

"आठल्येबाई, तुम्हीही घ्या की कुणाचं तरी नाव," कुणीतरी म्हणालं.

"नको," सुमतीबाई म्हणाल्या. "इथं उत्तर येतं ना."

त्या सज्जाची गंमत मी सगळ्यांना आधीच सांगितली होती. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तरी पार समोरच्या बाजूला जसंच्या तसं ऐकू जातं. पण घैसासकाकूंना सांगितलेलं लक्षात राहत नसे. न सांगितलेलंच राहायचं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि शेजारणीच्या कानाशी लागल्या. तेवढ्यात बाकीचे दमून गप्प झाले होते. त्यामुळे समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पाठीमागच्या दगडातून काकूंचा आवाज आला, अगदी मानेजवळ बोलल्यासारखा.

"त्या आठल्यांच्या पिशवीत राख आहे म्हणे. मेलेल्या माणसाची. आणि आपले लाडवांचे डबे तिथंच, डोक्यावरच्या फळीवर. काय म्हणावं!"

सुमतीबाईंनी मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं.

"राख नाही हो. माझा मुलगा आहे."

समोर काकू ताडकन उठल्या. त्यांनी भिंतीकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना चिमटा काढला. नंतर सगळे जण रांगेनं जिना उतरलो. पायऱ्या उतरताना माणसं एरवी फार बोलतात. त्या दिवशी फक्त चपला वाजल्या.

त्या दिवसापासून काकूंनी सुमतीबाईंच्या शेजारची जागा मागून घेतली. क्षमा वगैरे मागितली नाही. तो त्यांचा प्रांतच नव्हता. ऐहोळे पाहून बदामीला जाताना वाटेत गुळेदगुड्डच्या खणांचं दुकान लागलं, तिथं त्यांनी एक जांभळा, लाल काठांचा खण घेतला आणि सगळ्या बसला दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "सुमतीबाई, हात लावून बघा तरी. बायकांनी असं नुसतं बसू नये."

सुमतीबाईंनी हात लावून बघितला.

*

बदामीच्या लॉजवर झाड होतं, पण झाडावर आधीच मंडळी होती. रखवालदार हातवारे करून सांगत सुटला, "मंग्या, मंग्या!" बाहेर काही ठेवू नका, माकडं पळवतात.

"आजच्या दिवस खोलीत घ्या," मी आठल्यांना म्हटलं. "कुणी काही म्हणणार नाही. म्हणणाऱ्या आता तुमच्याच बाजूला आहेत."

ते घुटमळले. बायकोकडे बघितलं.

"नको," दारातून सुमतीबाई म्हणाल्या. "सहा वर्षांत त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आता शेवटच्या चार दिवसांत कशाला? गाठ घट्ट मारा म्हणजे झालं."

गाठ घट्टच होती. सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा पितळ दगडावर आपटल्याचा आवाज आला. माकडानं गाठ सोडवली नव्हती. पिशवीच फाडली होती. रिकामी पिशवी घेऊन ते भिंतीवर बसलं होतं आणि आतून बाहेरून हुंगत होतं. खाली शहाबादी फरशीवर तांब्या आडवा लोळत होता आणि त्याच्या तोंडातून करडी राख पंख्यासारखी पसरली होती.

सुमतीबाई धावल्या नाहीत. चालत गेल्या, खाली बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी राख मध्ये ओढू लागल्या. लहान मुलाच्या ताटाबाहेर सांडलेला भात गोळा करतात तशा. वाऱ्याची झुळूक आली की हातांचा आडोसा करायच्या, गेली की पुन्हा ओढायच्या.

आम्ही सगळे कपबश्या हातात घेऊन उभे. पुढं व्हायचं की नाही, हात लावायचा की नाही, हे कुणाला कळेना. मग घैसासकाकूंनी कप खाली ठेवला, लुगड्याचा पदर खोचला आणि समोर येऊन बसल्या. "तिकडून तुम्ही, इकडून मी," म्हणाल्या. फरशीच्या फटीत गेलेली राख त्यांनी आपल्या पोस्टकार्डानं उकरून काढली. जावयाला लिहिलेलं पत्र होतं ते, टाकायचं राहिलेलं. तांब्या भरला. तोंड बांधायला फडकं नव्हतं. काकू उठल्या, खोलीत गेल्या आणि तो जांभळा खण घेऊन आल्या.

"अहो, नवा आहे," सुमतीबाई म्हणाल्या.

"मग काय जुन्यानं बांधायचं पोराला?"

हे सगळं होईपर्यंत आठल्ये व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. हातातला चहा त्यांनी प्यायला नाही आणि खालीही ठेवला नाही. मला त्यांचा राग आला. नाश्त्यानंतर लोकांना लेण्यांकडे सोडलं आणि यांना तळ्याच्या घाटावर गाठलं. धोबीघाट चालू होता, दगडावर कपडे आपटल्याचा आवाज समोरच्या लाल कड्यावर जाऊन परत येत होता.

"आठल्ये, बायको जमिनीवर बसून गोळा करते आणि तुम्ही उभे? ती घैसासबाई बसली, तुम्हाला काय झालं होतं?"

"ताई," ते म्हणाले, "ते गोळा केलं काय आणि न केलं काय."

"म्हणजे?"

"बंबातली राख आहे ती. आमच्या न्हाणीघरातल्या."

त्यांनी पाण्याकडे तोंड केलं.

"वर्ष झालं तेव्हा ती पहाटे उठून झाडाखाली जाऊन बसायला लागली. थंडीत. अंगावर शाल नाही. खोकला छातीत गेला. भटजी म्हणाले, अस्थी अशा ठेवल्या की जीव अडकून राहतो. पोराच्या जिवाचं मला काय माहीत, हिचा अडकलेला दिसत होता. एक दिवस ही बहिणीकडं गेली होती. मी तांब्या घेऊन इथल्या इथं हरिपूरला गेलो आणि कृष्णा-वारणेच्या संगमावर सोडून आलो. एकटाच."

"आणि?"

"वाटलं होतं, आली की सांगेन. ती आली ती आधी झाडाकडं गेली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पिशवीला हात लावला, मग घरात आली. मी रिकामा तांब्या टांगून ठेवला असता तर तिथंच कळलं असतं. पण मी भरून ठेवला होता. का भरला, विचारू नका. रिकामा टांगवेना."

"सांगून टाका आता तरी."

"काय सांगू? तुझ्या मुलाला तुला न विचारता पोचवून आलो? त्यानं तुला जिथं न्यायचं म्हटलं होतं तिथं नाही, आपल्या गावात?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. दोन धोबिणींनी वर पाहिलं. "नाही ताई. तिला तिच्या हातानं सोडू दे. तिच्या लेखी तो जाईल. मग मी सुटलो. ती सुटली की मी सुटलो. तुम्ही फक्त तिला परत फिरू देऊ नका."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

*

हंपीत विठ्ठलाच्या देवळात आमच्या लोकांची नेहमी निराशा व्हायची. दगडी रथ झाला, वाजणारे खांब झाले, फोटो झाले, मग सगळे गाभाऱ्याकडे वळायचे आणि आत काहीच नसायचं. रिकामा ओटा. 'मूर्ती नाही? मग देऊळ कसलं?' असं कुणीतरी म्हणायचंच.

सुमतीबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, हात जोडले. पुष्कळ वेळ.

"आत देव नाही हो, सुमतीबाई," काकू त्यांच्या कोपराला हात लावून म्हणाल्या. "मीही आत्ताच फसले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि हात तसेच ठेवले.

*

श्रीरंगपट्टणला मी बाकीच्यांना टिपूच्या उन्हाळी महालात सोडलं, काकूंना त्यांच्यावर नेमलं, आणि बसनं आम्हा तिघांना संगमावर आणलं. बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलेले कावेरीचे फाटे इथं पुन्हा मिळतात. शैलेशनं पत्रात लिहिलं होतं म्हणे: आई, इथं नदी स्वतःलाच परत भेटते.

घाटावर गोल, टोपल्यासारख्या होड्या होत्या. आठल्ये पुढं झाले, नावाड्याशी बोलू लागले.

"तुम्ही नका येऊ," सुमतीबाई म्हणाल्या. "मी आणि ताई जातो."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. बदामीच्या घाटावर मी कबूल केलं होतं ते आठवा, असं ते पाहणं होतं. मी मान हलवली.

होडी गरगरत मध्ये गेली. सुमतीबाईंच्या मांडीवर तांब्या, तोंडाला जांभळा खण. मी म्हटलं, "घ्या देवाचं नाव. मी धरते तुम्हाला. वाका हळूच."

त्या वाकल्या नाहीत. तांब्या कानाशी नेला आणि हलवला.

"ऐकू येतं काही?"

"नाही."

"आधी यायचं. हाडांचे तुकडे असतात ना, ते वाजायचे. मी रोज हलवून बघायची. झाडाखाली जाऊन बसले की तेवढाच आवाज. एकदा बहिणीकडून आले आणि वाजायचं बंद झालं."

नावाडी वल्हं थांबवून आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं.

"घरात गेले तर पिठाची चाळणी धुऊन पालथी घातलेली. यांनी जन्मात भांडं धुतलं नाही, ताई. चहाचा कप विसळला नाही. राख चाळली होती, काटकीकुटकी येऊ नये म्हणून. इतकं जपून केलं होतं हो." त्या किंचित हसल्या. "गोल घुमटात मी खोटं बोलले. घैसासबाईंचंच खरं होतं. राखच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"ते सांगतील म्हणून थांबले. एक दिवस, दोन दिवस. मग ते संध्याकाळी पिशवी बघायला जायला लागले. गाठ सैल झाली का, पावसात भिजते का. मी पहाटे जायची, ते संध्याकाळी. आमच्या घरात तेवढंच एक काम उरलंय, ताई. मी म्हटलं, मला कळलंय, तर ते काय करतील? खुर्चीवर बसून भिंतीकडे बघतील. मी स्वयंपाकघरात, ते बाहेर. त्यापेक्षा हे बरं."

"पण त्यांना वाटतंय, तुम्ही सोडलंत की तुम्ही सुटाल. त्यांनी मला..." मी जीभ चावली.

"तुम्हालाही सांगितलं तर," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगितलं."

मी म्हटलं, "सुमतीबाई, सोडून द्या. बंबातली असली तरी सोडून द्या. मग घरी जाऊन दोघं काय ते बोला."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी काठाबाहेर धरला. खरंच धरला. खणाचं टोक पाण्याला लागलं आणि जांभळं होतं ते काळं पडलं. मग त्यांनी तो पुन्हा मांडीवर घेतला.

"काय सोडू?" त्या म्हणाल्या. "तो तर कधीच गेला. हरिपूरलाच नेलं असणार, दुसरं कुठं? मी तिथं नव्हते. हे सोडलं तर यांच्याजवळ काय राहील?"

त्यांनी नावाड्याला हातानं किनारा दाखवला.

आठल्ये पाण्यात घोट्यापर्यंत उतरून उभे होते. धोतर भिजलेलं. त्यांनी आधी बायकोच्या चेहऱ्याकडे नाही, तांब्याकडे पाहिलं. खण बांधलेलाच होता.

"राहिलं?"

"राहिलं हो. हात उचलला नाही. पुढच्या वर्षी."

"बरं," ते म्हणाले. "बरं, पुढच्या वर्षी." आणि तांब्या त्यांच्या हातातून घेतला, टोक पिळलं, आणि नव्या पिशवीत घातला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, हे आज टूरचा धंदा भाच्याकडे सोपवून घरी बसल्यावरही मला सुचलेलं नाही.

बसमध्ये काकूंनी सुमतीबाईंचा हात धरला. "झालं ना नीट?" त्यांनी विचारलं. सुमतीबाई हो म्हणाल्या. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि सगळ्या बसला लाडू वाटले.

ते दोघं त्यानंतर दोनदा माझ्याबरोबर आले. पुढं पुढं मी लॉज ठरवतानाच विचारून ठेवायची, आवारात झाड आहे ना. मालकाला वाटायचं, बस सावलीत लावायला विचारते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी म्हैसूरला पोचलो तेव्हा उतरती उन्हं होती. सामान उतरत होतं, लोक खोल्यांवरून भांडत होते, एकाला राजवाड्याची रोषणाई किती वाजता ते हवं होतं. मी सगळ्यांना उत्तरं दिली. आठल्ये आवारात इकडे तिकडे बघत होते. कोपऱ्यात एक जुनं चाफ्याचं झाड होतं. मी ऑफिसातली खुर्ची उचलली आणि त्याच्याखाली नेऊन ठेवली. ते चढले. मी खुर्चीची पाठ धरली.

"या वेळी सुटली असती, ताई," ते वरूनच पुटपुटले. "थोडक्यात राहिलं."

वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. सुमतीबाई केस सोडून उभ्या होत्या, हातात फणी.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाठ नीट मारा हं. इथंही माकडं असतील."